बोर्ड कापसानं पुसू नये

नाही वो, सामान परत कायले आणलं—ठेव, त्या पेपरवर ठेव, पाटावर नको. हे घरी नाहीत, मारेगावले गेले, माह्या भावाकडे, संध्याकाळी येतील. तुले तुह्या भीमराज सरायलेच भेटायचं असल, मले माहीत आहे—शीलाबाईशी कोणाले काय काम पडते? बस ना, बस. उभी काहून?

पाहू दे तो घंटेचा सर्किट बोर्ड. अगं माय—हिरवं चढलं की सगळं. शाळेची घंटा आपोआप वाजायले पाहिजे म्हणून केलता ना? प्रार्थनेच्या मधातच वाजली? अन् मग बंदच? हेडमास्तर काय म्हणाले—बाजारातून आणा म्हणाले असतील. असेच असतात. पण तुहा सोल्डरचा टाका वाईट नाही, अर्पिता. चमकते, गोल बसला. हे तर तू शिकायले आली त्या पहिल्याच रविवारी म्हणाले, या मॅडमच्या हाताले वळण आहे. जेवताना म्हणाले, दोनदा, मी पोळी वाढून राह्यलती. पहिल्याच रविवारी तुह्या हातात सोल्डरिंगचा गरम आयर्न दिला, खुर्चीवर बसवलं. मले एकोणीस वर्षांपासून ब्रश. हे टाके मारतात, मी बोर्ड धुते, हे रेडिओ लावतात, मी झाकणं लावते—म्हणजे तसं काही नाही माह्या मनात, आपलं सांगून राह्यली.

साफ करत नाही म्हणाले तुले? तोंडावर? मलेही म्हणाले, हात चांगला पण साफसफाईचा कंटाळा आहे मॅडमले. मी आपली भाजी वाढून घेतली. बोलायले पाहिजे होतं का? खरं सांगू—त्या दिवशी मले साधी आंबाडीची भाजी गोड लागली.

ये, कपाट दाखवते. ह्या डब्या माह्या. फ्लक्सची, म्हणजे टाक्याआधी लावायच्या राळेच्या पेस्टची डबी उघडली की त्याच दिवशी तारीख टाकायची, झाकणावर नाही, डबीच्या अंगावर—झाकणं बदलतात, अंग बदलत नाही. कड पुसून मगच झाकण, नाहीतर ते बसतच नाही घट्ट. अन् खिडकीपाशी नाही ठेवायची, कापसाची जिनिंग सुरू झाली की हवेत रुई उडते, एकदा पेस्टले चिकटली की गेली डबी. बोर्ड धुवायचा तर स्पिरिट अन् जुना दात घासायचा ब्रश, एकाच बाजूनं घासायचं, बोर्ड तिरपा धरायचा, घाण वाहून गेली पाहिजे, नाहीतर इथली तिथं फासल्या जाते. अन् कापसानं पुसायचं नाही. आपल्याकडे घरोघरी कापूस, म्हणून जो तो बोळा घेते अन् पुसते—तंतू टाक्यात अडकतात, ओल धरतात. चष्म्याचं फडकं घ्यायचं. हे ह्यायनं नाही शोधलं, मी शोधलं, चार बोर्ड गेल्यावर, वहीत तारखेनिशी आहे. तू शाळेत पोरायले सरांच्या नावानं सांगतलं असशील. असू दे.

सोडून देते म्हणतेस? म्हणून सामान आणलं होय. सोड ना मग. शाळा आहे, घर आहे, एकटी किती करशील? कोणी काही म्हणणार नाही. हे दोन दिवस चुकचुकतील, मग विसरतील, मी ओळखते त्यायले.

काय म्हणाली? इथून नेलेल्या तुह्या फ्लक्सच्या डबीवर तारीख काहून नाही? राह्यली असल घाईत. हो, सगळ्यांवर आहे. हो, मी कधी विसरत नाही, पण एखाद्या वेळी—हुंगू नको, काय हुंगून राह्यली—राळेचा वास लोबानासारखा येते, हा आंबट येणारच, कूलरच्या टाकीची पेस्ट आहे ती, त्यात ॲसिड असते, पत्र्याच्या सांध्याले चालते, बोर्डाले खाते. आठ दिवसांत हिरवा करते अन् मग—

अशी पाहू नको.

हो. मीच भरली. तू पाणी प्यायले आत गेलती तेव्हा. चमच्यानं भरली, कड पुसली, झाकण घट्ट लावलं—घाण काम मले करताच येत नाही, बाई. तारीख टाकायले पेन घेतला होता हातात. नाही टाकता आली.

तुहा हात वाईट असता तर मी केलंच नसतं. वाईट हाताचे किती आले अन् गेले या घरी, मी सगळ्यायले चहा दिला.

दे तो बोर्ड इकडे. ॲसिड आधी कोमट पाण्यानं काढावं लागते, मग स्पिरिट, तुले जमणार नाही. खालच्या तीन तारा नव्या लागतील, त्या मी लावीन—हो, मी. आयर्न कसा धरायचा ते एकोणीस वर्षं पाहूनच राह्यली ना मी, ह्यायच्या खांद्यावरून. सामान उचल तुहं. घरी ने. अन् त्यायले सांगायचं असल तर मी समोर असताना सांग, माह्या मागून नको.

चहा नाही ठेवत मी आज. जा.