गोलात पहिलवान

पिंपरीत तेव्हा नुकत्याच कंपन्या येत होत्या, राव. त्यातल्या एकीने पक्की नोकरी देऊन आमच्या देहूरोडच्या फुटबॉल टीमचा सेंटर फॉरवर्ड दत्तू उन्हाळ्यात फोडला. गोलकीपरही त्याच्यामागे गेला. मी मॅनेजरच्या मागेच लागलो, "तळवड्याचा शंकर पहिलवान गोलात घ्या!" घ्यायलाच लावला.

पहिलीच मॅच त्या कंपनीशी. दत्तू बॉल घेऊन आत घुसला. शंकरने बॉल सोडला, दत्तूला उचलून आपटला आणि छातीवर बसून रेफरीला विचारलं, "पाठ टेकली का न्हाई, बोला!"

बॉल घरंगळत गोलात गेला. आम्ही हरलो.

मॅनेजर माझ्यावर खेकसला, "हाच का तुमचा गोलकीपर?"

म्हटलं, "हाच! पुढच्या सालीही हाच. आता बघू, आपली टीम सोडून कोण जातंय!"