सतरा नंबरची म्हातारी

बिश्केकच्या बाजारात गरम सामशांसाठी, भट्टीत भाजलेल्या मटण-कांद्याच्या समोशांसाठी, रांग लागली होती. ऐजार्कन आजीच्या मागे पांढऱ्या कोटातल्या दोघी, एक पंचविशीची आणि एक साठीची, अशा खिदळत होत्या की आजीने कान तिकडेच लावले.

"एजे," धाकटीने थोरलीला ताई म्हणून हाक मारली, "सतरा नंबरच्या म्हातारीनं कमालच केली!"

"हळू, बेगायिम. लोकांना वाटेल शेजारणीबद्दल बोलतोय."

"उंदरीण आहे म्हणून ओरडून सांगू?"

"आधी हे सांग, नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल नाही ना झाली?"

"तीनदा तपासलं. पिल्लांच्या पेशी जुनी प्रथिनं भराभर मोडतात. वाढ पुरी झाली की वेग मंदावतो, म्हातारपणी तर जुनंपानं नुसतं साठत जातं. पण हिच्या पेशी ती प्रथिनं अजून तरणीसारखी मोडताहेत!"

"आणि अर्धपोटी ठेवलेल्या बाकीच्या म्हाताऱ्या?"

"सगळ्याच! पोटभर जेवणाऱ्या मात्र मंद."

"अगं बाई! म्हणजे आता निधी बंद होत नाही, सोमवारी प्रयोगशाळेला कुलूप लागत नाही!"

"एजे, रडताय?"

"छे गं, कांद्याचा वास झोंबतोय."

आजीला राहवलं नाही. ती वळली.

"पोरींनो, अर्धपोटी राहून ती उंदरीण खूश होती का?"

बेगायिमने थोरलीकडे पाहिलं.

"एजे?"

"ते... ते आम्ही मोजलंच नाही, आपा."

तेवढ्यात भट्टीवाल्याने विचारलं, "किती देऊ, आपा?"

"चार," आजी म्हणाली. "भरपूर चरबीचे."

मागून दोन आवाज एकदमच फुटले, "आम्हालाही तसेच!"