तुराकोनं पळवलेला पेरू

माझं तिखट खाणं तुम्हाला ठाऊकच आहे. पुलावातली मिरीसुद्धा मी वेचून बाजूला ठेवतो. बायको मात्र पक्की नागपूरची. गेल्या विंटरमध्ये आम्ही व्हँकुव्हरला एका काचेच्या पक्षीबागेत गेलो होतो. बाकावर टेकलो तशी हिने पर्समधून पेरूच्या फोडींचा डबा काढला, वरून लालभडक तिखट-मीठ. समोरच ‘बाहेरचं खाणं आणू नये’ अशी पाटी.

मी म्हटलं, “अगं, कुणीतरी बघेल.”

बघितलं ते तुराकोनं. आफ्रिकेच्या जंगलातला पक्षी तो, अंगानं जांभळा, डोक्यावर लाल तुरा आणि फळांवर भारी जीव. आला, डब्यातली सगळ्यात लाल फोड उचलली आणि फांदीवर बसून निवांत गिळली. तेवढ्यात तिथल्या देखरेखीच्या बाई आमच्याकडेच येताना दिसल्या. पुरावा उरायला नको म्हणून मी बाकीच्या सगळ्या फोडी तोंडात कोंबल्या.

पक्ष्यांना म्हणे तिखट लागतच नाही; त्याला काही म्हणजे काही झालं नाही. माझ्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, वर तुराकोकडे बघितलं आणि हळूच टिश्यू पुढे केला. “इट्स ओके, सर. त्याला पहिल्यांदा बघून मलाही रडू आलं होतं.”

मी सुटलो म्हणून डोळे पुसायला लागलो, तर बायको कानाशी कुजबुजली, “अहो, इतक्यात थांबू नका. डबा अजून पर्समध्ये जायचाय.”