फेस्टीकाकाची कबर आणि बकेटचे पाच दात

आणि वर लोक मलाच विचारतात, दात आधीच का नाही बदललेस? अहो, बदलणारच होतो की! माझ्या छोट्या पोकलेनच्या बकेटला दात किती? पाच. मोजून पाच. पण त्या पाच दातांपायी माणसाची काय दशा होते ते तुम्हाला सांगतो, कारण आमच्या घरात हे ऐकून घ्यायला आता कुणी तयार नाही.

फेस्टीकाका गेला शनिवारी. माझ्या वडिलांचा भाऊ, चाळीस वर्षं दगडखाणीत पोकलेन चालवलेला माणूस, मला हे काम शिकवलं तेही त्यानेच. दर रविवारी चर्चमधून निघाला की घरी न जाता आधी माझ्या अंगणात यायचा, बकेटच्या दातांवरून अंगठा फिरवायचा, आणि बाजारात गुरांचे दात बघावेत तसं तोंड करून मला म्हणायचा, "टर्लक, झिजलेत रे." मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात बदलतो. असे पुढचे महिने गेले किती... आणि मग काकाच गेला.

आता आमच्याकडे माणूस गेला की तीन-चार दिवस तो समोरच्या खोलीत शांत पडलेला असतो आणि अख्खं गाव स्वयंपाकघरात चहा पीत बसतं. कबर खणायची ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. पण आमच्या या कनेमाराची जमीन ही अशी, वर दोन हात काळी दलदल आणि खाली नुसता ग्रॅनाइट, फावड्याने खणायला बसलो तर ईस्टर उजाडेल! डेलियाकाकू, म्हणजे काकाची बायको, सगळ्यांसमोर म्हणाली की टर्लक खणेल, त्याचं यंत्र आहे. पुरायचं बुधवारी अकरा वाजता. मंगळवारी सकाळी मी कबरस्तानात हजर.

वरची माती निघाली लोण्यासारखी. मग बकेट दगडाला टेकली आणि असा आवाज आला... ताटलीवर काटा ओढल्यासारखा! दगडावर पाच पांढरे ओरखडे, बाकी काही नाही. उतरून बघतो तर कडेचे दोन दात झिजून अंगठ्याएवढे. कडेचेच आधी झिजतात, अधूनमधून मधल्यांशी त्यांची अदलाबदल करायची असते. हे मला कुणी सांगितलं होतं? काकानेच. मी केलं होतं? सोडा.

लॅलीला फोन लावला. लॅलीचं सुट्या भागांचं दुकान, माणूस चांगला, पण घाई हा शब्द त्याच्या कानावरून गेलेला नाही. म्हणतो, "नंबर सांग. दातावर कोरलेला असतो." अरे बाबा, पाचही दातांवरचा नंबर केव्हाच घासून गेला! "मग असं कर, दात काढून घेऊन ये." काढून घेऊन ये! पाच दात, मोजून पाच, आणि एकेक असा बसलेला की आईच्या कडेवरून मूल सुटेल, हा सुटणार नाही.

कसं असतं, दात हा टोपीसारखा चढतो आणि आडवी पिन त्याला धरून ठेवते. पिन गंजलेली. मी हातोडा घेतला, अर्धा तास मारला. पिन ढिम्म. तेल ओतलं, मारलं, बोटावर मारलं, कबरस्तानात बोलू नये ते बोललो... आणि मागून आवाज आला, "तिकडून मार. या बाजूने ती आत जाते, बाहेर येत नाही."

डेलियाकाकू. अंगात शोकाचा काळा झगा, पायात गोठ्यातले गमबूट, हातात हॅमचं सँडविच. मी पलीकडून मारलं. तीन ठोक्यांत पिन बाहेर.

काकू तिथल्याच दगडी कुंपणावर बसली. म्हणाली, "चाळीस वर्षं मी त्याला टॉर्च धरून उभी राहिलेय. पिन कुठून निघते ते माझ्याइतकं त्यालाही ठाऊक नव्हतं." मग हातातलं सँडविच माझ्यापुढे केलं. म्हणाली, "सँडविच खा आणि जा."

लॅलीने काउंटरवर मांडले चार प्रकार. टोकदार, दोन टोकांचा, रुंद सपाट, आणि दगडासाठीचा जाडजूड. तो जाडजूड माझ्या मापाचा नव्हता, हे बरंच बोलून झाल्यावर शेवटी सांगितलं! दुकानातलं प्रत्येक गिऱ्हाईक मत देऊन गेलं, एकजण तर टाइल्स घ्यायला आलेला. माझं डोकं फिरलं, मी काकूला फोन केला. काकू, काका कुठले लावायचा?

"तो कधीच ठरवू शकला नाही, दर वेळी लॅलीशी भांडून यायचा. टोकदार घे. उद्या पाऊस सांगितलाय, माणसं ताटकळायला नकोत."

टोकदार घेतले. पाच दात, मोजून पाच, चढवले, पिना ठोकल्या, या खेपेला योग्य बाजूने. आणि तुम्हाला सांगतो, काय चालले! दगडाच्या भेगेत टोक घुसायचं, की धोंडा अख्खा उचलून बाहेर. काका शेजारी असता तर... असो. चार वाजता कबर तयार. मी काकूला घेऊन आलो, म्हटलं बघ.

तिने वाकून बघितलं. तळाला, टोकदार दातांमुळे, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच सरळ चर पडलेले.

"टर्लक," काकू म्हणाली, "नवऱ्याला पुरतोयस माझ्या, की बटाटे लावतोयस?"

आणि हसली हो. शनिवारपासून पहिल्यांदा हसली, मग हसता हसताच रडली, आणि मी आत उतरून काळी माती अंथरून दोन तास हाताने थापटत बसलो.

बुधवारी सगळं नीट झालं. पण बटाट्यांची गोष्ट पसरली ना गावभर! चहाच्या वेळी गावातल्या विनीआजीने मला कोपऱ्यात घेतलं. वय एक्याण्णव. म्हणाली, "मला चर नकोत. माझ्या वेळी रुंद दात लाव. आणि आधीच आणून ठेव, माझ्यासाठी धावाधाव नको."

लगेच आणून ठेवलेत शेडमध्ये. विनीआजी रोज सकाळी सायकलवरून, ठणठणीत, माझ्या दारावरून जाते, घंटी वाजवते आणि विचारते, "गंज नाही ना धरला?"

नाही म्हणतो. दर शनिवारी तेल लावतो.