रांजणाखालची बाटली

(खेड्यातला सरकारी दवाखाना, मागची खोली. वैशाखातली दुपार. डॉक्टर दौऱ्यावर गेलेले. टेबलाशी कंपाउंडर देवमन, समोर गोजराबाई. तिची सून हिरीबाई दाराशी उभी.)

देवमन: मावशी, ही बाटली पंधरा दिवसात कशी काय सरली?

गोजराबाई: सरली म्हणजे सरली. तू दुसरी दे. पोलिसासारखा इचारू नको.

देवमन: अकोल्याच्या डॉक्टरनं कागदावर लिहून देलं. सुईच्या नळीवरची एक रेघ, हप्त्यातून दोन डाव. हिरीवहिनीले मीच संत्र्यावर सुई टोचून शिकवलं. एका रेघीनं बाटली महिनाभर जाते.

गोजराबाई: एका रेघीनं काय होते? पयली बाटली पुरी गेली, माह्या जानरावले ढिम्म फरक नाई. म्हून मीच हिले म्हटलं, दोन घे. दोनानं नाई झालं तं तीन घे म्हटलं. भाजीत मीठ कमी पडलं तं आपण टाकतोच की अजून.

देवमन: हे मीठ नाई मावशी. मर्दानगीची दवा हाये ही, रक्तात जाते.

गोजराबाई: हळू बोल. भाईर लोकं बसेल असतीन.

देवमन: या उन्हात कोण येते? द्या थे बाटली इकडे. बुचाले वाळू काहून चिकटली हिच्या? अन् वरची चिठ्ठी कुठं गेली?

गोजराबाई: निंघाली असन.

देवमन: पाण्यात भिजल्याबिगर निंघत नाई. हे पाहा, उजेडात धरतो. तळाले फाटल्या दुधासारखं दिसून राह्यलं. मी तुमाले सांगतलं होतं, भुकटीत पाणी मिसळलं की बाटली फ्रीजमधी ठेवा लागते. आपल्याजोळ फ्रीज नाई. म्हून ढोरायच्या दवाखान्यातल्या शिपायासंगं बोललो. घासलेटवरचं फ्रीज हाये त्यायचं, लशीच्या बाजूले एक कोपरा देला त्यानं. मी दर डाव तुमाले इचारलं, ठेवता ना तिथं? तुमी व्हय म्हटलं.

गोजराबाई: म्हटलं. ठेवली नाई.

देवमन: मंग कुठं ठेवली?

गोजराबाई: रांजणाखाली, ओल्या वाळूत. बरफावानी गार असते थे.

देवमन: पहाटे असन. दुपारी कधी हात घालून पाह्यला?

गोजराबाई: दुपारी मले कामं असतात.

देवमन: मेली ही दवा. पयल्या हप्त्यातच मेली असन, अन् त्याच्या आंधीचीबी. तुमी दोन रेघा देल्या, तीन देल्या, साऱ्या नासक्या पाण्याच्या देल्या. जानराव मास्तर लंगडून काहून चालून राह्यले, आता समजलं मले.

हिरीबाई: डाव्या बाजूले गाठ आली त्यायले. ताप राह्यते रोज. खुर्चीवर बसता येत नाई, म्हून वर्गात उभेच राह्यतात.

गोजराबाई: तुले कोणं इचारलं?

देवमन: मले इचारा लागन आता. मावशी, एवढं जवळ फ्रीज होतं. हात जोडून जागा करून देली. काहून नाई नेली?

गोजराबाई: तुले म्हाईत नाई काहून? छप्पन साली आमी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. माह्या मालकानं चावडीसमोर दोर फेकून देला, म्हणे आता ज्याचं ढोर त्यानं ओढा. दोन वर्सं गावानं कामाले बलावलं नाई. आमी भाजी खाल्ली तरोट्याची. त्याच घरचा पोरगा आज रिठदच्या शाळेत मास्तर हाये, इस्तरीचे कपडे घालून जाते. त्याची दवा मी ढोरायच्या दवाखान्यात नेऊन ठेवू? अन् कायची दवा, तं अशी?

देवमन: मीबी त्याच वस्तीतला हाये. माहा बाप तुमच्या मालकाच्या बाजूलेच उभा होता त्या दिवशी. फ्रीजले काय समजते, दवा कोणाची होये?

गोजराबाई: फ्रीजले नाई समजत. शिपायाले समजते. त्याच्या बायकोले समजते. मंग हापशीवर साऱ्यायले समजते.

हिरीबाई: मी म्हटलं होतं, मी नेतो पदराखाली, पदराखालीच आणतो. तुमी म्हटलं, तंगडी मोडून ठेवीन.

गोजराबाई: म्हटलं. अजूनबी म्हणतो.

देवमन: बरं, झालं थे झालं. गाठीले डॉक्टरसाहेबाले दाखवू, चिरा लागन. मंग नवी बाटली आणतो मी अकोल्याहून, एक रेघ, पयल्यापासून. डॉक्टरनं सहा मयने सांगतले होते. गॅरंटी नाई, पण आतापरेंत खरी दवा त्यायच्या आंगात गेलीच नाई. धीर धरा.

गोजराबाई: सहा मयने कुठचे आणू? उद्या हिचा भाऊ येऊन राह्यला शिरपूरहून.

देवमन: कायले?

गोजराबाई: हिले न्यायले. मीच निरोप धाडला. मंगरूळकडची एक पोरगी पाहून ठेवली जानरावसाठी. त्यायनं होकार देला.

देवमन: मावशी, लग्नाले चार वर्सं झाले अन् मास्तर बायकोजोळ जाऊ शकत नाईत, हे तुमाले म्हाईत. मले म्हाईत. अन् तुमी हिले...

गोजराबाई: मी काय समजू मंग? मोठ्या डॉक्टरची दवा दोन मयने गेली, तरी काई नाई. म्हटलं, पोराचं दुखणं गेलं असन, आता बाईच थंडी हाये.

देवमन: या नासक्या पाण्यावरून ठरवलं तुमी?

गोजराबाई: मले काय म्हाईत, नासकं हाये?

हिरीबाई: आत्या, आता म्हाईत झालं.

गोजराबाई: झालं.

हिरीबाई: कोणाच्या लेकराचं नाव ठेवणं असलं की मले पाळण्यापासून दूर बसवतात. मी बसतो. कोणी इचारलं तं मीच म्हणतो, माह्यातच खोट हाये. चार वर्सं माह्या मायलेबी सांगतलं नाई मी. आता एक आयका माहं. उद्या भाऊ आला की त्याले म्हणा, पोरीत दोष नाई. एवढंच. मास्तरचं नाव घेऊ नका. एवढं म्हटलं तं मी इथंच राहीन, सहा मयने काय अन् सहा वर्सं काय.

देवमन: म्हणा ना मावशी. मंगरुळवाल्यायले मी समजावतो.

गोजराबाई: पोरीत नाई म्हटलं की दुसरा सवाल काय येते, तुमाले समजत नाई? मंग कोणात हाये? गावाले कळलं तं जानराव एक दिवस राह्यणार नाई इथं. बदली मांगून जाईन कुठंबी, मले तोंड दाखवणार नाई. एकच हाये मले.

देवमन: अन् हिचं काय?

गोजराबाई: हिचा पाट लावून देतीन दुसऱ्या घरी. जवान हाये. हिचं होते. त्याचं नाई होत.

देवमन: मावशी.

गोजराबाई: मी नाई म्हणणार. जीभ उचलत नाई माही. काय करू?

हिरीबाई: मंग मी उद्यापरेंत थांबत नाई. भावासमोर तुमी मले वांझ म्हणान, अन् मले मान खाली घालून आयका लागन. थे आता नाई होत माह्यानं. आजच जातो. देवमनभाऊ, थे सुई अन् एक दोरा द्या.

देवमन: कायले, वहिनी?

हिरीबाई: आत्यायले नळीवरच्या बारीक रेघा दिसत नाईत. इथं बांधतो. हे पाहा आत्या, काळा दोरा. औषध या दोऱ्यापरेंत आलं की थांबजा. त्याच्या वर नाई, मनात किती आलं तरी. अन् उजव्या बाजूले देजा, डावीकडे गाठ हाये. देताना त्यायच्यासंगं काईतरी बोलत राह्यजा, नाई तं आंग आखडून घेतात थे.

गोजराबाई: काय बोलू?

हिरीबाई: मी शाळेचं इचारत होतो.

गोजराबाई: अन् थे मंगरुळची आली की?

हिरीबाई: तिच्या हातात सुई द्यायच्या आंधी सांगजा, कायची हाये थे. मले तं त्यायचं दुखणंच लग्नाले दोन वर्सं झाल्यावर समजलं होतं.

देवमन: मावशी, अजून वेळ हाये. हिले थांबवा.

गोजराबाई: हिरे.

हिरीबाई: काय आत्या?

गोजराबाई: शिरपूरची गाडी साडेचारले हाये. भाकर बांधून घेजो.