'वर' कुणासाठी?

तंजावूरच्या बसथांब्यावर निवृत्त मास्तर गुरुराज बसले होते. शेजारी रायफल नेमबाज अखिला आणि तिचे माजी सैनिक मामा बोलत होते.

"तीनशे मीटरवर गोळी वीतभर खाली लागली, मामा. म्हणून दुर्बिणीतली फुली तिथं आणायला चकती 'खाली'कडे दहा क्लिक फिरवली."

"मग?"

"दोन वीत खाली!"

"अगे, चकतीवरचं 'वर' गोळीसाठी असतं, फुलीसाठी नव्हे."

"म्हणजे दहा वर?"

"त्यानं नुसती तुझी चूक फिटेल. आणखी दहा हवेत."

"वीस! आणि मी सरांना लिहिलं, उद्याच्या निवडीतून नाव काढा."

"पाठवलंस?"

"अजून नाही."

"सरि, ठीक मग, पुसून टाक."

गुरुराजांची तिरुवैयारूची बस आली आणि गेली.

"पुसलंस का गे?" मास्तरांनीच विचारलं.