चार बोटं जास्त

सन्माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आमच्या कापड व्यापारी संघाच्या खुर्चीवरून गेली चौदा वर्षं न हललेले आमचे वडीलधारे. प्रमुख पाहुणे, शिंपी संघटनेचे मास्तर. व्यासपीठावर बसलेले आमच्या गल्लीतले ज्येष्ठ दुकानदार. ज्यांना आज निरोप द्यायचा आहे आणि ज्यांना हा सगळा थाट मुळीच आवडलेला नाही ते आमचे गजकाका. त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या काकू. आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. मला काउंटरमागून बोलायची सवय आहे, आणि तिथे समोरचा माणूस मधेच "जरा दुसरा रंग दाखवा" म्हणून थांबवतो. इथे तुम्ही मला थांबवणार नाही, हा तुमचा धोका. अध्यक्षांनी दहा मिनिटं दिली आहेत आणि ते घड्याळ काढूनच बसले आहेत, हे मला दिसतंय.

गजकाकांना गजकाका का म्हणतात, हे इथल्या तरुण मंडळींना ठाऊक नसेल. आमच्या दुकानात ते लागले तेव्हा कापड मोजायचा लोखंडी गज त्यांच्या हातात आला आणि एकेचाळीस वर्षं हाताला चिकटूनच राहिला. मी तेव्हा काउंटरखाली रिकाम्या पुठ्ठ्यांचं घर करून खेळत असे. माझ्यावर रागावले की ते मला "मालकीणबाई" म्हणतात आणि खूश असले की "पोरी". गेल्या काही वर्षांत मी किती वेळा मालकीणबाई झाले आणि किती वेळा पोरगी, त्याचीच ही गोष्ट आहे.

काकांची मोजायची पद्धत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तागा उलगडायचा, काउंटरवरच्या दोन पितळी खिळ्यांमध्ये कापड ताणायचं, मोजून झालं की शेवटच्या खुणेपुढे उजव्या हाताची चार बोटं आडवी ठेवायची, आणि त्या बोटांच्या पलीकडे कात्रीची टीच मारून टर्रकन फाडायचं. गिऱ्हाईक ओळखीचं असो की पहिल्यांदा आलेलं, पडद्याचं कापड असो की साधं अस्तर, चार बोटं जास्त जायचीच. वडील होते तोवर कुणी काही बोललं नाही. वडील गेले, दुकान माझ्याकडे आलं, आणि दोन वर्षांत समोरच्या रस्त्यावर तयार कपड्यांची तीन मजली दुकानं उभी राहिली. सकाळी शटर उघडायचं, तागे झटकायचे आणि दुपारपर्यंत एकमेकांची तोंडं बघायची, अशी पाळी आली.

मग आमचा दादा, माझा थोरला भाऊ, आला. बसलाय तो दुसऱ्या रांगेत, लपू नकोस रे! दादा म्हणाला, "अगं, वर्षअखेरपर्यंत बघ. नाही जमलं तर जागा देऊन टाकू, व्यायामशाळावाले मागतायत." त्याचं चुकत नव्हतं, जागेत त्याचाही वाटा आहे. पण ज्या काउंटरखाली मी लहानाची मोठी झाले तिथे लोक डंबेल्स उचलणार, हे मला पटेना. आणि काकांचं काय? एकसष्टाव्या वर्षी कापड मोजणाऱ्या माणसाला दुसरं कोण कामावर ठेवणार होतं?

मी ठरवलं, ऑनलाइन विकायचं. इथे बसलेल्या एका मान्यवरांनी मला तेव्हा सुनावलं होतं, "ज्याला दुकान नाही त्याने ऑनलाइन जावं." मी नाव घेणार नाही, ते घड्याळाकडे बघतायत.

आता ऑनलाइन म्हणजे कुठे? तिथेही बाजार एक नाही, दहा आहेत. मी काय केलं असेल? ज्याची जाहिरात सगळ्यात मोठी, तो बाजार निवडला. विचार नाही, चौकशी नाही. ट्यूबलाइटखाली दोनशे ताग्यांचे फोटो काढले आणि दिले चढवून. काकांना माहिती लिहायला बसवलं, तर त्यांनी पहिल्याच कापडाखाली लिहिलं, "हे कापड पहिल्या धुण्यात रंग सोडतं, पांढऱ्या कपड्यांबरोबर भिजवू नका." माझ्या लेकीने कपाळाला हात लावला. "आजोबा, असं कोणी लिहितं का?" काका म्हणाले, "दुकानात सांगतो ते इथे का लपवायचं? इथे काय गिऱ्हाईक वेगळ्या कातड्याचं आहे?" ते वाक्य तसंच राहिलं.

ऑर्डरी आल्या, अगदी धडाधड आल्या. मी हवेत होते. आणि तीन आठवड्यांनी त्या बाजाराकडून ताकीद आली. काय गुन्हा केला असेल आम्ही? कापड कमी दिलं? फाटकं दिलं? छे! आमची पार्सलं सांगितलेल्या वजनापेक्षा जड भरत होती. तिथे यंत्र वजन करतं, आणि यंत्राला काकांची चार बोटं कुठून माहीत असणार? आम्ही वजन चोरून लिहितो, असा त्याचा समज झाला. दुसरी ताकीद आली, तिसरी आली. आता एकदा जरी झालं तर खातं कायमचं बंद.

मी म्हटलं, वजनच वाढवून लिहू. तर तिथे वजन फोटोबरोबर आधीच लिहून द्यायचं, आणि आमच्या प्रत्येक तुकड्याचं वजन वेगळं, कारण ताग्यांचे पन्हे वेगळे, पोत वेगळा. शेवटी मी काकांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "काका, चार बोटं बंद."

त्यांनी गज काउंटरवर ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मालकीणबाई, मी शाळेत सात महिने एक बाही आखूड असलेला सदरा घातलाय. आईने शिवला होता. कापड चार बोटं कमी पडलं. पोरं मला 'दीडबाह्या' म्हणायची. दुकानदाराने मोजून बरोबर दिलं होतं हो, त्याची चूक नव्हती. पण धुतल्यावर कापड आटतं, कात्री तिरकी जाते, घरी बाईचा अंदाज चुकतो. तेवढ्यासाठी कुणाची बाही आखूड होऊ नये, एवढंच."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या चार बोटांचं कारण कळलं. आणि तरीही मी मागे हटले नाही, कारण माझ्यासमोर वर्षअखेर उभी होती. त्या आठवड्यात अकरा पार्सलं अगदी बरोबर वजनाची गेली. कशी गेली, ते मी शेवटी सांगणार आहे. बारावं पार्सल मात्र काका स्वतः कुरिअरच्या ऑफिसात देऊन आले, गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून. त्या बाराव्या पार्सलाने आमचं खातं बंद झालं.

दुसऱ्याच दिवशी दादा टेप घेऊन जागा मोजायला आला. मी स्टुलावर बसून बघत राहिले. आणि काका पंधरा दिवस कामावर आले नाहीत. मला वाटलं, रुसले. मलाही राग होताच. तुमच्या हट्टापायी सगळं गेलं, असं मी मनात शंभरदा म्हटलं. मनातच, पण म्हटलं.

सोळाव्या दिवशी ते तीन पार्सलं घेऊन आले. माझ्या लेकीला हाताशी धरून त्यांनी तीन वेगवेगळ्या ऑनलाइन बाजारांतून दोन-दोन मीटर कापड मागवलं होतं. मला पत्ता नाही! म्हणाले, "बसा मालकीणबाई. तुम्ही विकणारी म्हणून बाजार बघितलात. आता घेणारी म्हणून बघा."

पहिलं पार्सल आम्हाला हाकलणाऱ्या मोठ्या बाजाराचं होतं. काकांनी कापड खिळ्यांमध्ये ताणलं. एका काठाला दोन मीटर, दुसऱ्या काठाला तीन बोटं कमी! तिरकं कापलेलं. वजन मात्र चोख असणार. दुसऱ्या बाजाराचं माप बरोबर, पण फोटोत मोरपंखी होतं ते हातात शेवाळी निघालं. लेकीने तक्रार केली, तर एका मिनिटात उत्तर आलं, "आपण समाधानी आहात याचा आम्हाला आनंद वाटतो." आम्ही तिघं इतके हसलो की बाहेरून जाणारं एक गिऱ्हाईक आत डोकावलं.

तिसरा बाजार अगदी लहान. नावही कुणी ऐकलेलं नाही. फक्त शिवणाऱ्यांसाठी. घरी शिवणाऱ्या बाया, छोटे शिंपी, पडदे-उशा करणारे. तिथून आधी एक पाकीट आलं होतं, त्यात तळहाताएवढा नमुना आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी, "उजेडात बघा, धुऊन बघा, पसंत पडलं तरच कळवा." मग कापड. काकांनी ते मोजलं, परत मोजलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दोन बोटं जास्त आहे, पोरी. इथे कुणीतरी आपल्यातलं बसलंय."

मी वाद घातलाच. माझा स्वभाव! म्हटलं, "काका, तिथे गिऱ्हाईक किती? मोठ्या बाजाराच्या नखाएवढंसुद्धा नाही." त्यावर ते म्हणाले, "किती माणसं फिरतायत ते नको बघू. आपलं कापड हातात घेऊन दोनदा चोळून कोण बघेल, ते बघ." तिथे वजनाचं यंत्र नव्हतं, कापड मीटरवर विकलं जात होतं. नमुना आधी, विक्री नंतर, त्यामुळे कापलेलं कापड परत येण्याचा प्रश्नच नाही. आमच्यासारख्यांसाठी याहून योग्य जागा कुठली? पण ती मला सापडली नव्हती. ती काकांना सापडली, आणि ती शोधायला त्यांनी आपला तोच जुना गज वापरला.

आम्ही त्या लहान बाजारात कापड मांडलं. नऊ दिवस काहीही झालं नाही. दादा रोज फोन करायचा. दहाव्या दिवशी दूरच्या एका गावाहून एका शिंपीणबाईंनी नमुना मागवला, मग कापड मागवलं, आणि ते पोहोचल्यावर त्यांचा फोन आला, चांगल्या वैतागलेल्या होत्या. "अहो, तुमचं काहीतरी चुकलंय. कापड जास्त आलंय. परत पाठवू का?" काकांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "बाई, ती चूक नाही, रीत आहे."

त्या बाई शिवणाचे वर्ग चालवतात, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांच्या वर्गातल्या सव्वीस जणी आज आमच्याकडूनच कापड मागवतात, आणि त्यांनी आणखी कुणाकुणाला सांगितलं ते मोजायचं आम्ही सोडून दिलंय. वर्षअखेर आली आणि गेली. व्यायामशाळा दुसऱ्या गल्लीत उघडली. आणि दादाची टेप? ती आता दुकानातच असते, नवीन मांडण्या बसवायच्या होत्या ना! अभिमानाने सांगते, आज त्या बाजारात आमच्या पानावर सगळ्यात वर एकच ओळ आहे, "चार बोटं जास्त. चूक नाही, रीत आहे." खाली कापड रंग सोडतं तेही लिहिलेलं आहे.

आता त्या अकरा पार्सलांचं.

काका, तुम्ही डबा खायला मागच्या खोलीत जायचात तेव्हा मी तुमची बांधलेली पार्सलं उघडत होते आणि चार बोटं कापून काढत होते. तुमच्या पाठीमागे. तुमच्याकडून तुमच्या सदऱ्याची गोष्ट ऐकल्यानंतर. अकरा वेळा. त्या पट्ट्या फेकायचं धाडस झालं नाही, म्हणून खणात ठेवल्या. आपलं बस्तान बसल्यावर मी त्या गिऱ्हाइकांना एकेक पत्र लिहिलं आणि पट्टी पाठवली. एका आजोबांनी उलट विचारलं, "एवढ्याशा चिंधीसाठी पत्र?" दहा पट्ट्या पोहोचल्या. अकरावी "या पत्त्यावर राहत नाही" असा शिक्का मारून परत आली. ती ही.

माझी एवढी चूक तुम्हाला माहीत नव्हती, आणि ती लपवून मी तुमच्या सत्काराचं भाषण करणार नाही. घ्या, तुमच्या हातात देते.

मोजताय? मोजा. सगळ्यांसमोर मोजा.

काय म्हणालात? माइकजवळ या. सांगते मी सगळ्यांना. काका म्हणतायत, "अर्धं बोट कमी आहे, मालकीणबाई."

हसा, हसा! कमी असणारच. माझी बोटं बारीक आहेत, माझ्या लेकीची त्याहून बारीक. उद्यापासून गज तिच्या हातात आहे, आणि हीच माझी खरी काळजी होती. म्हणून, काका, परवा मी तुम्हाला म्हटलं ना, "इथे हात ठेवा, काउंटर हलतोय का बघा"? काउंटर हलत नव्हता. लेकीने तुमच्या बोटांपलीकडे पेन्सिलीने खूण केली आणि काल सुताराने तिथे तिसरा पितळी खिळा ठोकला. आता आमच्या दुकानात कापड त्या खिळ्यापाशी फाडलं जाईल. तुम्ही घरी आरामात बसा, काकूंना हवं तेवढं छळा. तुमची बोटं आमच्याकडे कामावर आहेत.

अध्यक्ष महोदय, पाहुणे, आणि आमच्या हाकेला धावून आलेले आपण सर्व, मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला टोचलं असेल तर सुई माझी होती, मन मोकळं करून माफ करा. काका, तुम्ही माफ केलंत का, ते मला आत्ता कळलं, कारण पट्टी खिशात ठेवताना तुम्ही हळूच "बस आता, पोरी" म्हणालात.

आणि अध्यक्ष महोदय, दहा मिनिटांच्या वर थोडं गेलं, हे घड्याळ दाखवू नका, मला कळतंय. ती चूक नाही, रीत आहे.